जर्मन बोलताना समारंभाचा पोशाख कसा सांगावा

सोलापुरातून टॉवेलच्या व्यवहारासाठी किंवा शिक्षणासाठी जर्मनीला गेलेल्या माणसाला निमंत्रण आले की ‘काय घालू?’ हा प्रश्न पडतोच. ‘क्लायडरऑर्डनुंग’, म्हणजे ‘पोशाखाचे नियम’, हा शब्द बरोबर असला तरी त्याला नियमावलीचा वास येतो. बोलताना ‘वास त्सीट मान दा आन?’, म्हणजे ‘तिथे काय घालतात?’, एवढेच विचारावे.

उत्तरात बहुधा ‘शिक’ हा शब्द येतो आणि खरी गोम तिथेच असते, कारण त्याचा अर्थ नीटनेटके, थोडे ठेवणीतले कपडे असा होतो. सूट हवाच असे त्यातून ठरत नाही. म्हणून ‘ब्राउख इश आइनन आनत्सूक?’, म्हणजे ‘सूट लागेल का?’, हे लगेच विचारून घ्यावे. ‘लोकर’ म्हणजे ऐसपैस, रोजचे. आपल्या लोकरीशी त्याचा काही संबंध नाही. ‘स्मोकिंग’ हे धूम्रपान नसून बो-टायसह घालायचा रात्रीच्या समारंभाचा सूट आहे. ‘आउफगेब्रेत्सेल्ट’ म्हणजे नटूनथटून आलेला. त्यात चेष्टा असते, तेव्हा यजमानीणबाईंना उद्देशून तो वापरू नये.

उलट, जर्मन पाहुणा जानेवारीत सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या यात्रेला येणार असेल, तर नंदीध्वज, म्हणजे यात्रेतल्या उंच मानाच्या काठ्या, पेलणाऱ्यांच्या बाराबंदीला, म्हणजे बंदांच्या पांढऱ्या अंगरख्याला, प्रतिशब्द शोधत बसू नये. ‘दी मेनर ट्रागन वाइस’, म्हणजे ‘पुरुष पांढरे घालतात’, असे सांगून ‘दू कान्स्ट गान्त्स नॉर्माल कोमन’, म्हणजे ‘तू नेहमीच्या कपड्यांत ये’, हे जोडावे. पाहुणा वयाने मोठा किंवा फारशी ओळख नसलेला असल्यास ‘दू कान्स्ट’ऐवजी ‘झी क्योनन’, म्हणजे ‘तू’ऐवजी आदरार्थी ‘तुम्ही’, म्हणावे.