ऑनलाइन वर्ग गप्प का बसतो? शिकवताना या चुका टाळा

तासाला साठ नावं दिसतात, साठही म्यूटवर. शिक्षक चाळीस मिनिटं बोलतात, शेवटी "समजलं का सगळ्यांना?" विचारतात आणि चॅटमध्ये "येस सर", "येस मॅडम"ची रांग लागते. चाचणीचे पेपर हातात आले की कळतं, त्या रांगेमागे फारसं काही नव्हतं. कोकणात मंडणगडपासून सावंतवाडीपर्यंत हे चित्र सारखंच. 'मुलांना रसच नाही' असं निदान मग पटकन केलं जातं, पण बहुतेक वेळा दोष तासाच्या आखणीत असतो. पूर्ण तासात मुलांना स्वतःच्या डोक्याने करायचं असं एकही काम दिलेलं नसतं.

दर आठ-दहा मिनिटांनी प्रत्येक विद्यार्थ्याने काहीतरी लिहिलं, निवडलं, मोजलं किंवा सांगितलं पाहिजे, आणि ते तुमच्या नजरेखालून गेलं पाहिजे. खालच्या बहुतेक चुका हे सोडल्यामुळे होतात. सगळ्यात जास्त नुकसान पहिल्या दोन करतात, म्हणून त्यांच्यावर जरा जास्त लिहिलं आहे.

"समजलं का?" विचारणं

या प्रश्नाला "नाही" म्हणायचं तर साठ जणांत उघडं पडावं लागतं. शिवाय ज्याला कळलेलं नाही, त्याला नेमकं काय कळलं नाही हेही बरेचदा सांगता येत नाही. त्यामुळे उत्तर आधीच ठरलेलं असतं. असा प्रश्न द्या, की उत्तर देतानाच समज कुठे अडली ते दिसेल.

भूगोलातली भरती-ओहोटी घ्या. "भरती रोज किती मिनिटं उशिरा येते?" असं विचारलं की पाठ केलेलं "५० मिनिटं" येतं आणि तुमच्या हाती काही लागत नाही. तेच असं विचारा: "आज पंचमी. दुपारी पावणेचारला भरती आहे. अष्टमीला दुपारनंतरची भरती साधारण किती वाजता असेल?" पर्याय द्या: दीड, पावणेचार, सहा-सव्वासहा, पावणेदहा. यातला प्रत्येक चुकीचा पर्याय एकेका गैरसमजाचा आहे. पावणेचार म्हणणाऱ्याच्या मनात चंद्र जागचा हललेलाच नाही. दीड म्हणणाऱ्याने उशीर मिळवायच्या ऐवजी वजा केला. पावणेदहा म्हणणारा भरती आणि ओहोटी यांच्यातलं सहा तासांचं अंतर इथे लावतो आहे. उत्तरं आली की कोणाला काय समजवायचं ते लगेच कळतं.

किनाऱ्यावरच्या मुलांना या प्रश्नात आणखी एक दार उघडं असतं. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते, हा हिशेब कोळीवाड्यांत आणि खाडीकाठच्या घरांत आजही चालतो. पाचाची पाऊणपट पावणेचार, आठाची सहा. आजोबांचा हा हिशेब आणि पुस्तकातली ५० मिनिटं इतकी जवळ कशी येतात, हे मुलांनाच शोधायला लावा. एरवी तोंड न उघडणारा मुलगाही इथे बोलतो, कारण त्याच्या घरचं ज्ञान पहिल्यांदाच वर्गात आलेलं असतं.

चुकीचे पर्याय मनाने रचू नका. मागच्या वर्षीच्या उत्तरपत्रिका काढा, मुलांनी खरोखर केलेल्या चुका शोधा आणि त्यांचेच पर्याय करा. 'वरीलपैकी सर्व' हा पर्याय काढून टाका, त्यातून कोणाचा विचार कळत नाही.

प्रश्न विचारून स्वतःच उत्तर देऊन टाकणं

अमेरिकन संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गांतल्या ध्वनिफिती तपासल्या, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबतात असं दिसलं. थांबणं तीन सेकंदांपर्यंत नेल्यावर उत्तरं लांब आली आणि जास्त मुलं बोलू लागली. हे समोरासमोरच्या वर्गातलं. ऑनलाइन तासात तुमचा आवाजच कधी कधी दोन-तीन सेकंद उशिरा पोहोचतो, आणि मग त्या मुलाला छोट्या पडद्यावर मराठीत टाइप करायचं असतं. म्हणून ४० ते ६० सेकंद द्या, आणि तेवढा वेळ अगदी गप्प राहा. मधेच "सोपं आहे, करा पटकन" म्हणू नका. त्याने विचार तुटतो आणि ज्याला जमत नाही तो आणखी मागे सरतो.

चॅटमध्ये पहिल्या हुशार मुलाचं उत्तर आलं की बाकीचे तेच उतरवतात. उपाय सोपा आहे. "सगळ्यांनी उत्तर लिहून ठेवा, पण मी 'पाठवा' म्हणेपर्यंत पाठवू नका." मिनिटभराने "पाठवा" म्हणा. पन्नास उत्तरं एकदम येतात आणि नक्कल करायला वेळच उरत नाही.

बहुपर्यायी प्रश्नासाठी हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझुर यांनी १९९१पासून वापरलेली रीत फार उपयोगी आहे. आधी प्रत्येकाने एकट्याने उत्तर नोंदवायचं. बरोबर उत्तर सांगायचं नाही, फक्त किती जणांचं बरोबर आलं ते तुम्ही पाहायचं. ३० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर संकल्पना पुन्हा शिकवा, कारण आपसांत चर्चा करून गैरसमजच पसरेल. ७० टक्क्यांच्या वर असेल तर दोन वाक्यांत कारण सांगून पुढे जा. मधल्या पट्ट्यात असेल तर मुलांना जोडीने दोन-तीन मिनिटं एकमेकांना पटवू द्या आणि तोच प्रश्न पुन्हा टाका. खरं शिकणं या मधल्या पट्ट्यातच होतं. घाई झाली तरी हा टप्पा गाळू नका.

इथे दोन तांत्रिक अडचणी नेहमी येतात. व्हॉट्सॲपच्या पोलमध्ये कोणी काय निवडलं ते गटातल्या सगळ्यांना नावानिशी दिसतं. त्यामुळे पहिलं मत पोलवर घेऊ नका. गूगल फॉर्म वापरा आणि उत्तरांचा सारांश विद्यार्थ्यांना दाखवण्याची सोय बंद ठेवा. दुसरी अडचण जोडीच्या चर्चेची. मुलांना वेगळ्या खोल्यांत (ब्रेकआउट रूम) पाठवण्याची सोय तुमच्या मीटिंग ॲपच्या खात्यात नसेल, तर महिनाभरासाठी जोड्या आधीच ठरवा आणि चर्चा वैयक्तिक मेसेजवर करायला सांगा. फोन करायला सांगू नका. रेंज कमी असेल तर कॉल लागताच अनेक फोनचं नेट तुटतं आणि मूल तासाबाहेर फेकलं जातं.

रेंज आणि नेट पॅकचा हिशेब न करणं

वाडी दरीत, टॉवर सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर. पावसात वीज गेली की टॉवरची बॅटरीही काही तासांत उतरते. जून २०२०च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन-दापोली पट्ट्यात वीज आणि फोन किती दिवस बंद होते, हे इथल्या शिक्षकांना सांगायला नको. तरीही अभ्यासक्रम आखताना प्रत्येकाकडे अखंड नेट आहे असं धरलं जातं.

आकडे पाहा. नुसता आवाज सेकंदाला साधारण ६० ते ८० किलोबिट घेतो, म्हणजे तासाला २७ ते ३६ एमबी. व्हिडिओ सेकंदाला १ मेगाबिट धरला तर तासाला ४५० एमबी. दिवसाला दीड जीबीच्या पॅकवर असे चार तास बसतच नाहीत, आणि तो फोन बहुधा घरात एकटाच असतो. म्हणून:

स्वतःचा कॅमेरा पहिली दोन मिनिटं आणि शेवटची दोन मिनिटं चालू ठेवा. मधे आवाज आणि स्थिर पानं पुरतात.

पानांची पीडीएफ २ एमबीच्या आत करून आदल्या संध्याकाळी पाठवा. आवाज तुटला तरी मूल पान उघडून बरोबर राहू शकतं. त्यासाठी तासात "आता पान ७" असं तोंडाने म्हणत चला.

तासाला येऊ न शकलेल्यांसाठी सहा-सहा मिनिटांच्या ध्वनिफिती करा. मोनो (एकाच वाहिनीच्या आवाजात), सेकंदाला ३२ किलोबिटने साठवलेली सहा मिनिटांची फीत दीड एमबीच्या आत बसते. रेंजमध्ये आल्यावर ती काही सेकंदांत उतरते.

कामाची मुदत 'आज रात्री १२' अशी देऊ नका. ७२ तासांची खिडकी द्या. वेळापत्रकही इथलंच हवं. गौरी-गणपतीचा आठवडा आणि शिमग्याचे दिवस मोकळे सोडा. आंब्याच्या हंगामात बागायतदारांच्या घरची मुलं पहाटेपासून बागेत आणि पेट्या भरण्यात असतात, त्यांच्यासाठी संध्याकाळचा तास बरा.

पूर्ण तास रेकॉर्ड करून तसाच टाकणं

फिलिप गुओ आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावर व्हिडिओ पाहिल्याच्या ६९ लाख नोंदी तपासल्या. व्हिडिओ कितीही लांब असला, तरी निम्मे विद्यार्थी सहा मिनिटांच्या पुढे टिकत नव्हते. म्हणून ४५ मिनिटांच्या तासाचे सात-आठ तुकडे करा. प्रत्येक तुकड्यात एकच मुद्दा आणि शेवटी एक प्रश्न. त्याचं उत्तर दिल्याशिवाय पुढचा दुवा मिळू नये, ही व्यवस्था गूगल फॉर्ममध्ये विभाग पाडून करता येते. नुसते तुकडे केले आणि प्रश्न ठेवला नाही, तर मुलं ते सलग पाहतात आणि पहिल्या चुकीवरच अडकतात.

चर्चेला "आपलं मत मांडा" असा विषय देणं

केंद्र सरकारच्या 'स्वयम्' या ऑनलाइन शिक्षणाच्या मंचावरच्या अभ्यासक्रमांची रचना चार भागांची आहे: व्हिडिओ, वाचनसाहित्य, चर्चा आणि स्वयंमूल्यमापन. यातला चर्चेचा कोपराच बहुतेक वेळा ओस असतो. कारण विषयच असा असतो, की पहिल्या तिघांनी लिहिल्यावर चौथ्याला "सहमत" म्हणण्यापलीकडे काही उरत नाही. वर प्रत्येक नोंदीला गुण ठेवले की "छान माहिती"चा पाऊस पडतो.

प्रत्येकाकडे वेगळी माहिती असेल असं काम द्या. संख्याशास्त्रासाठी किंवा पर्यावरणाच्या विषयासाठी विहीर उत्तम. पाऊस थांबल्यावर, ऑक्टोबरपासून चार रविवार, घरच्या किंवा वाडीतल्या विहिरीच्या काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजायचं. दर अर्ध्या मीटरला गाठ मारलेली दोरी आणि टोकाला वजन पुरतं. कठडा असलेलीच विहीर घ्या आणि बरोबर मोठं माणूस हवंच. नोंदीत चार गोष्टी: तारीख, अंतर, विहीर सड्यावर की खाली शेतात, आणि जांभा लागला की माती. मग प्रत्येकाने दुसऱ्या दोघांच्या आकड्यांशी आपले आकडे ताडून फरकाचं एक कारण लिहायचं. इथे "सहमत" चालतच नाही. विहीर नसलेल्या मुलांना गावच्या बाजारातला बांगड्याचा किंवा नारळाचा भाव चालेल.

गटकामालाही हेच लागू आहे. सातच्या गटात दोघं काम करतात. तिघांचा किंवा चौघांचा गट करा, प्रत्येकाचा तुकडा वेगळा ठेवा, आणि एका गटात सगळी बिनरेंजची मुलं येणार नाहीत हे पाहा.

कॅमेरा सक्तीचा करणं

करू नका. घराचं दर्शन, पॅक आणि रेंज ही तिन्ही कारणं पुरेशी आहेत. कॅमेरा चालू असला म्हणजे मूल शिकतं आहे असंही नाही. ज्याची उत्तरं येत आहेत, तो हजर आहे.

उत्तरं गोळा करून न वाचणं

दोनदा मनापासून लिहूनही काहीच परत आलं नाही, तर तिसऱ्यांदा मूल कुठूनतरी उतरवून पाठवतं. साठ उत्तरांना पाच-पाच मिनिटं म्हणजे पाच तास, ते रोज शक्य नाही हे खरं. म्हणून सगळी उत्तरं नुसती भराभर वाचा, त्यातल्या तीन नेमक्या चुका काढा, आणि ४८ तासांच्या आत तीन मिनिटांचा एक व्हॉइस मेसेज सगळ्यांना पाठवा. "बऱ्याच जणांनी इथे वजाबाकी केली, ती का चुकते ते ऐका." दर आठवड्याला दहा जणांना स्वतंत्र दोन ओळी लिहिल्या, तर दीड महिन्यात सगळे होतात. यादी करून टिक करत जा, नाहीतर तीच पाच-सहा नावं पुन्हा पुन्हा येतात.

"सर, तुम्ही शिकवतच नाही" ऐकून माघार घेणं

ही तक्रार येणारच. हार्वर्डमध्ये लुई देलोरिए आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये हेच तपासलं. स्वतः प्रश्न सोडवत शिकलेल्या विद्यार्थ्यांची परीक्षा चांगली झाली, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटत होतं. सफाईदार व्याख्यान ऐकताना सगळं कळल्यासारखं वाटतं, आणि डोकं चालवताना अडखळायला होतं. मुलं त्या अडखळण्यालाच न शिकणं समजतात. म्हणून पहिल्याच तासाला हे त्यांना सांगा, पुरावाही द्या. रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६च्या प्रयोगात उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं: ८१ टक्के, तर न बघता आठवून लिहिणाऱ्यांना ७५. आठवड्यानंतर मात्र पुन्हा वाचणारे ४२ वर आले आणि आठवून लिहिणारे ५६ वर राहिले. पालक विचारायला आले तर त्यांनाही हेच आकडे दाखवा.

गायब झालेल्या मुलाला शेवटी शोधणं

ओळीने दोन कामं आली नाहीत की तिसऱ्याची वाट न पाहता फोन करा. "काम का केलं नाहीस?" असं सुरू केलं की कारणं मिळतात, माहिती मिळत नाही. चार गोष्टी विचारा: फोन कोणाचा आहे, तुझ्या हातात कधी येतो, रेंज कुठे मिळते, आणि शेवटचं कळलेलं पान कोणतं. पहिल्या तिन्हींची उत्तरं वहीत लिहून ठेवा आणि पुढच्या कामाची मुदत त्याप्रमाणे द्या. चौथ्याचं उत्तर मिळालं की त्याच पानावरचा एक छोटा प्रश्न त्याच संध्याकाळी पाठवा. उत्तर चुकीचं आलं तरी चालेल, पण दुसऱ्या दिवशी त्याला तुमचा मेसेज गेला पाहिजे.