एक सांगाडा, तीन सण : जुन्या चौकटी आणि जुन्या साड्यांतून कानबाई ते दिवाळीची सजावट

नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी खानदेशाची देवी कानबाई बसते, भाद्रपद पौर्णिमेला मुलींच्या गाण्याखेळांची गुलाबाई येते ती कोजागिरीपर्यंत घरात राहते, आणि कोजागिरीनंतर पंधरा दिवसांत दिवाळी असते. अवघ्या तीन महिन्यांत खानदेशातल्या घराला तीन वेळा सजावे लागते, आणि बहुतेक घरांत तीनही वेळा बाजारातून नवी सजावट आणली जाते. थर्माकोलच्या वस्तूंवर राज्यात २०१८ साली बंदी आल्यानंतर मखरे पुठ्ठ्याची आणि फोमची झाली, पण सण संपला की तीही उकिरड्यावर जातात. या लेखात सांगितलेली पद्धत वेगळी आहे. जुन्या लाकडाचा एक पक्का सांगाडा एकदाच करून ठेवायचा आणि प्रत्येक सणाला त्यावरचे वस्त्र तेवढे बदलायचे. पहिल्या वर्षी त्याला दोन-तीन सुट्ट्यांचे काम लागते, पुढच्या वर्षांपासून एक दुपार पुरते.

खरेदी अखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) सुमारास

जुने लाकूड घ्यायचे तर उन्हाळ्यात घ्यावे. गावोगाव धाब्याची जुनी घरे पाडून स्लॅबची घरे बांधण्याची कामे याच दिवसांत चाललेली असतात आणि खिडक्यांच्या चौकटी, झरोके, कोनाड्यांच्या फळ्या अंगणात रचून ठेवलेल्या दिसतात. भुसावळसारख्या रेल्वेच्या गावात शाळांच्या सुट्ट्या लागल्या की बदलीची कुटुंबे सामान कमी करतात, तेव्हा आरशांच्या आणि तसबिरींच्या चांगल्या चौकटी स्वस्तात मिळतात. भंगारवाल्याकडेही फेरी मारावी, मात्र तो पितळ वजनावर देतो, त्यामुळे जड समईपेक्षा घंट्या, साखळ्या, जुन्या पेटीची कडी-कोयंडे अशा हलक्या वस्तू परवडतात.

एका पाडलेल्या घरापुढे मी अशाच चौकटी उलटसुलट करून पाहत होते, तेव्हा त्या घरातल्या आजी ओट्यावरून म्हणाल्या, “लई जा माय, चुल्हामाच जातीन त्या.” मी त्यांना दाम दिले, पण त्यांना खरा आनंद झाला तो त्या चौकटीत गुलाबाई बसणार हे ऐकून.

चौकट घेताना आधी तिचे चार कोपरे दाबून पाहावेत. सांधा हलत असेल तर तो दुरुस्त होतो, म्हणून तेवढ्यासाठी चांगले लाकूड सोडू नये. टाचणीच्या डोक्याएवढी भोके असतील आणि चौकट आपटल्यावर त्यांतून पिठासारखी भुकटी पडत असेल, तर आत भुंगा जिवंत आहे असे समजावे. ते लाकूड घरात आणू नये. वाळवीची माती चढलेले लाकूड तर फुकट मिळाले तरी घेऊ नये. पितळासाठी खिशात लहानसे लोहचुंबक ठेवावे, कारण वरून पितळेचा मुलामा दिलेले लोखंड त्याला चिकटते, अस्सल पितळ चिकटत नाही.

निवडून आणलेल्या चौकटी काळ्या प्लास्टिकच्या कापडात घट्ट गुंडाळून आठवडाभर गच्चीवर ठेवाव्यात. जळगाव-भुसावळकडे वैशाखात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो आणि काळ्या आवरणाच्या आत उष्णता त्याहून बरीच वाढते. लपून राहिलेली कीड त्या तापात सहसा टिकत नाही. उन्हाळ्यात खरेदी करा म्हणण्यामागचे माझे मुख्य कारण हेच आहे.

जुन्या रंगाबाबत मात्र काळजी हवी. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांच्या आत ठेवण्याचा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, म्हणजे त्याआधीच्या चौकटीवरच्या रंगात शिसे भरपूर असू शकते. असा रंग कोरड्या पॉलिशपेपरने घासू नये, कारण त्याची धूळ लहान मुलांना विशेष घातक असते. ओल्या फडक्याने चौकट पुसावी, पोपडे असतील तर पाणी मारून ओल्यानेच काढावेत, ते कागदात गुंडाळून टाकावेत आणि वर नव्या रंगाचे दोन हात द्यावेत. रंग न लावलेले सागवान असेल तर साबणाच्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावे आणि जवसाच्या तेलाचा एक हात द्यावा. ते तेल लावलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पसरून उघड्यावर वाळू द्यावीत.

सांगाडा

सांगाड्याला तीन चौकटी लागतात : मधली साधारण ६० सेंमी रुंद, दोन्ही बाजूंच्या प्रत्येकी ३० सेंमी रुंद, आणि तिन्हींची उंची सारखी, ९० सेंमी. तंतोतंत मापाच्या चौकटी मिळणार नाहीत. मोठी चौकट सुताराकडून कापून घेता येते, आणि उंचीतला चार-पाच सेंमीचा फरक खाली पट्टी ठोकून भरून निघतो. काच असेल तर ती काढून टाकावी.

तिन्ही चौकटी जमिनीवर पालथ्या शेजारी-शेजारी मांडून तीन इंची बिजागऱ्यांनी जोडाव्यात. प्रत्येक सांध्याला दोन, म्हणजे एकूण चार बिजागऱ्या लागतात आणि त्या वरून व खालून दहा-दहा सेंमी अंतरावर बसवाव्यात. जुने सागवान कठीण असते, त्यात स्क्रू थेट पिळला तर लाकूड चिरते. म्हणून आधी बारीक गिरमिटाने भोक पाडावे आणि स्क्रूला साबण चोळून मग तो पिळावा. उभे करताना बाजूच्या चौकटी मागे, साधारण अर्ध्या काटकोनात वळवाव्यात. पडदा सरळ रेषेत उभा केला तर तो धक्क्याने कोसळतो, वळवला तर स्वतःच्या आधाराने उभा राहतो. पुढे समई ठेवायची असल्यामुळे ही बाब किरकोळ समजू नये.

साडी निवडणे, धुणे, ताणणे

प्रत्येक घरात एखादी नेसण्याच्या पलीकडे गेलेली साडी असते. शेजारणींकडेही मागावी. भांड्यांच्या बदल्यात जुने कपडे घेणाऱ्या बाईकडून तर कधीकधी अशी सुती इरकल मिळते की ती कोणी टाकली कशी याचेच नवल वाटावे.

कापड सुती की पॉलिस्टर, हे आधी ओळखावे. कडेचा एक धागा उपसून चिमट्यात धरावा आणि काडीने पेटवावा. सुती धागा जळताना कागदासारखा वास येतो आणि मऊ राख उरते. रेशमाला केस जळाल्याचा वास येतो. पॉलिस्टर आकसते आणि टोकाला काळा, कडक मणी उरतो. ही परीक्षा मी नुकसान सोसून शिकले. पहिल्या आकाशकंदिलाला मी चकचकीत पॉलिस्टरची साडी वापरली आणि आत चाळीस वॅटचा जुना बल्ब लावला. वसुबारसेच्या रात्री कापड वितळून त्याला मुठीएवढे भोक पडले. पाडव्याच्या आधी नवा कंदील करायला वेळ उरला नाही आणि त्या वर्षी दारात कंदील लागला नाही, याचे वाईट वाटते ते आजही.

साडीचा रंग जातो का हे पाहण्यासाठी पांढरे ओले फडके कोपऱ्यावर दाबून धरावे. रंग लागला तर साडी स्वतंत्र, थंड पाण्यात धुवावी आणि सावलीत वाळवावी. त्यानंतर ती उजेडासमोर धरून घड्यांच्या रेषा तपासाव्यात. वर्षानुवर्षे एकाच घडीवर ठेवलेले रेशीम तिथेच विरते, म्हणून कापताना त्या रेषा टाळाव्यात. टाळता येत नसतील तर आतून मांजरपाटाचे अस्तर लावून बारीक धावदोऱ्याने धरून घ्यावे. काठ आणि पदर आधी उसवून बाजूला ठेवावेत. सगळ्या साडीत तेच टिकलेले असतात आणि पुढे कंदिलाला व तोरणाला तेच लागतात.

मधल्या चौकटीसाठी ७६ सेंमी रुंद आणि १०६ सेंमी उंच तुकडा कापावा, म्हणजे चारही बाजूंनी आठ सेंमी कापड मागे दुमडायला मिळते. बाजूच्या चौकटींसाठी ४६ बाय १०६ सेंमीचे दोन तुकडे लागतात. कडा दुमडून शिवून घ्याव्यात. कापड चौकटीवर खिळ्यांनी ठोकू नये, कारण ते सणागणिक बदलायचे आहे. चौकट पालथी ठेवून दाभणात गोधडीचा जाड दोरा ओवावा आणि समोरासमोरच्या दोन कडा, बाजेची दोरी ओढतात तशा, मागून एकमेकींकडे ओढून घ्याव्यात. मधून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे जावे, आधी उभ्या कडा, मग आडव्या. टिचकी मारल्यावर डफासारखा हलका आवाज आला की ताण बरोबर झाला. सण संपल्यावर हा दोरा ओढून काढला की कापड अखंड हाती येते.

देवाच्या सजावटीला नेसलेले वस्त्र चालते का, याविषयी प्रत्येक घराची रीत वेगळी असते. कानबाईच्या बाबतीत तर घरातल्या मोठ्यांना विचारल्याशिवाय काही करू नये. आमच्याकडे चौरंगावर कोरा खण अंथरतात आणि जुने कापड फक्त मागच्या पडद्याला लावतात, त्यामुळे कोणाचे मन दुखावत नाही.

प्रत्येक सणाचे वेगळेपण

कानबाईला केळीचे खांब असतातच, म्हणून पडदा साधा, एकरंगी ठेवावा. हिरवा किंवा हळदी रंग पुरे, वर काही टाचू नये.

गुलाबाईला मात्र हौस करावी, कारण महिनाभर रोज संध्याकाळी गल्लीतल्या मुली त्यापुढे बसून गाणी म्हणणार असतात आणि खिरापत ओळखण्याचा खेळ रंगणार असतो. मधल्या पडद्यावर रंगीत चिंध्यांचे चौकोन गोधडीसारखे जोडावेत. हे काम मुलींनाच द्यावे, टाके वाकडे आले तरी उसवू नयेत. गुलाबाई-गुलोजीच्या जोडीमागे पऱ्हाट्यांची, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या झाडांची, कमान छान दिसते. कपाशी उपटण्याचे दिवस दिवाळीनंतर कितीतरी पुढे असतात, त्यामुळे पऱ्हाट्या मागच्या हंगामातल्या, सरपणाच्या ढिगातल्या घ्याव्या लागतात. घेताना किडकी बोंडे लटकलेली फांदी घेऊ नये, घेतलीच तर सगळी बोंडे तोडून जाळून टाकावीत, कारण गुलाबी बोंडअळी त्यांतच दबा धरून राहते. आठ-दहा बारीक फांद्या एकत्र धरून त्या केळीच्या सोपटाने बांधाव्यात. वाळलेले सोपट पंधरा मिनिटे पाण्यात भिजवले की दोरीसारखे वळते आणि वाळल्यावर गाठ आपोआप आवळली जाते. रावेर-यावलकडे ते बागेत पडलेले असते, मालकाला विचारून घ्यावे.

दिवाळीत तोच पडदा दिवाणखान्यात जातो. त्यावर जरीच्या काठाची साडी चढवून पुढे पितळेच्या वस्तू मांडाव्यात. पितळ चिंच आणि मीठ लावून घासावे, लगेच धुवावे आणि पूर्ण कोरडे करावे. चिंच अंगावर वाळू दिली तर हिरवट डाग उठतात. शेवटी खोबरेल तेलाचे बोट फिरवावे. जुन्या पितळी भांड्यात फराळ मात्र कल्हई केल्याशिवाय ठेवू नये.

आकाशकंदील

मोडक्या चाळण्यांची जाळी काढली की उत्तम गोल कडी मिळतात. साधारण २५ सेंमी व्यासाची दोन कडी घ्यावीत. त्यांचा परीघ सुमारे साडेअठ्ठ्याहत्तर सेंमी भरतो. बांबूच्या ३५ सेंमी लांबीच्या सहा कामट्या दर तेरा सेंमीवर दोन्ही कड्यांना दोऱ्याने पक्क्या बांधाव्यात. कापड ८२ सेंमी लांब आणि ३८ सेंमी रुंद कापावे, ते फक्त सुतीच असावे.

चिकटवण्यासाठी मैद्याची खळ करावी : एक वाटी मैदा आधी थोड्या थंड पाण्यात गुठळ्या मोडून कालवावा, चार वाट्या उकळत्या पाण्यात ओतावा आणि पारदर्शक दिसेपर्यंत ढवळावे. खळीला कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घालण्याची रीत आहे, पण ते विषारी असते, लहान मुले असलेल्या घरात ते घालू नये. खळ कामट्यांना लावून कापड ताणत गुंडाळावे, वरखालची कड आत दुमडावी आणि रात्रभर वाळू द्यावे. मग खालच्या कड्याला साडीच्या काठाच्या पट्ट्या, अर्धा मीटर लांबीच्या, झिरमिळ्या म्हणून शिवाव्यात. जरीचे वजन असल्याने त्या वाऱ्यावर गुंडाळल्या जात नाहीत.

आत पाच वॅटपर्यंतचा एलईडी बल्बच लावावा आणि तो कापडापासून दहा सेंमी दूर राहील असा मधोमध टांगावा. होल्डर आणि वायर कधीही जुनी घेऊ नये, या दोन वस्तू आयएसआय खुणेच्या, नव्याच आणाव्यात. या कंदिलात पणती ठेवू नये. पडद्यापुढची समईसुद्धा कापडापासून दीड हात लांब असावी.

तुळशीचे लग्न झाले की सगळे उतरवावे. दोरे ओढून पडद्यांची कापडे काढावीत, धुवावीत आणि घडी न घालता जुन्या दांड्यावर किंवा पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळावीत. आत कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवावा. कंदिलाची कडी आणि कामट्या तशाच बांधलेल्या राहू द्याव्यात, पुढच्या वर्षी फक्त कापड बदलावे लागते. बिजागऱ्यांना तेलाचा थेंब देऊन चौकटी मिटवाव्यात, माळ्यावर आडव्या ठेवाव्यात आणि कोणत्या गुंडाळीत कोणत्या सणाचे कापड आहे हे खडूने बाहेर लिहून ठेवावे.