ऑफ-रोड गॉगल घेताना: रंग बदलणारी काच

साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून कासच्या बाजूच्या कच्च्या वाटांवर मोटारसायकल घालणाऱ्याला झाडीतली सावली आणि सड्यावरचे रणरणते ऊन पाच-पाच मिनिटांच्या अंतराने भेटत असते, आणि म्हणूनच फोटोक्रोमिक, म्हणजे उजेडानुसार आपोआप गडद-फिकी होणारी काच येथे सोयीची ठरते. मात्र ही काच अतिनील किरणांनी गडद होते, आणि गडद होण्यापेक्षा फिकी व्हायला तिला अधिक वेळ, बहुधा काही मिनिटे, लागतो. त्यामुळे भर दुपारी खंबाटकीच्या बोगद्यात शिरताना डोळ्यांपुढे क्षणभर अंधार येणारच, हे गृहीत धरून वेग आधीच कमी करावा.

खरेदी करताना काचेतून किती टक्के प्रकाश आत येतो, हा आकडा पाहावा. सर्वांत फिकी असताना तो ७५ टक्क्यांहून कमी असेल, तर अंधार पडल्यावर तो गॉगल उपयोगाचा नाही; उलट, ८ टक्क्यांखाली जाणारी काच वाहन चालवण्यास योग्य मानली जात नाही. पूर्ण काचेच्या हेल्मेटच्या आत मात्र हा खर्च बहुतेक वाया जातो, कारण हेल्मेटची काचच अतिनील किरण अडवते.

दुकानात स्वतःचे हेल्मेट घेऊनच जावे. गॉगल लावून गालाच्या कडेने बोट फिरवावे. स्पंज आणि कातडी यांत फट लागली, तर जांभ्याची लाल धूळ नेमकी तेथूनच शिरते.