नवं डिस्ट्रिब्युशन काढताय? आधी जुनंच नाही ना, ते बघा

आयुष्यमानाच्या डेटावर (उपकरण किती काळ टिकलं वगैरे) संशोधन करताना वायबुल हे नेहमीचं डिस्ट्रिब्युशन बसवून झालं की गाईड म्हणतात, "यावर एक पॅरामीटर वाढव." मागणी गैर नाही. वायबुलचा हझार्ड, म्हणजे आतापर्यंत टिकलेलं त्या क्षणी बंद पडण्याचा दर, चढतो, उतरतो किंवा सपाट राहतो. बाथटब, म्हणजे आधी उतरून मग चढणारा आकार, त्याला जमत नाही. आर्सेटचा १९८७ चा ५० उपकरणांचा डेटा बघा: काही ०.१, ०.२ लाच गेलेली, आणि शेवटाकडे ८५ वर एकदम पाच. मुधोळकर-श्रीवास्तव यांनी १९९३ मध्ये वायबुलच्या सीडीएफला (त्या वेळेपर्यंत बंद पडण्याची शक्यता) एक घात चढवला आणि बाथटब मिळाला. पॅरामीटर असा कमावलेला असावा.

आता माझे महिने खाल्लेली गोष्ट, जरा सावकाश सांगतो. डिस्ट्रिब्युशनला आल्फा हा पॅरामीटर जोडण्याची मार्शल-ऑल्किनची १९९७ ची कृती: सर्व्हायव्हल फंक्शन एस (त्या वेळेपलीकडे टिकण्याची शक्यता) घ्या, अंशात आल्फा × एस, छेदात १ − (१ − आल्फा) × एस. आता एस लॉग-लॉजिस्टिक या दुसऱ्या डिस्ट्रिब्युशनचं घाला, म्हणजे १/(१ + यू). यू म्हणजे (वेळ/स्केल) चा शेप-घात. सोडवा. उरतं आल्फा/(आल्फा + यू), म्हणजेच १/(१ + यू/आल्फा). परत लॉग-लॉजिस्टिकच! आल्फा स्केलमध्ये विरघळला. तीन पॅरामीटर लिहिलेत, आहेत दोनच.

आर या सॉफ्टवेअरमध्ये हे असं दिसतं: ऑप्टिम (पॅरामीटरच्या सर्वात जुळणाऱ्या किमती शोधणारं फंक्शन) वेगवेगळ्या सुरुवातींनी चालवा, लॉग-लाइकलीहूड (मॉडेल डेटाशी किती जुळतं त्याचं माप) तेच, पण आल्फा एकदा २, एकदा ४०. हेशियन (त्या मापाच्या वक्रतेचं मॅट्रिक्स) उलटत नाही, स्टँडर्ड एररच्या जागी एनएएन, म्हणजे 'संख्याच नाही'. मग मंडळी सुरुवातीच्या किमती बदलत बसतात, नाहीतर तो कॉलमच टेबलातून उडवतात. असलं करू नका. परीक्षकाने पकडलं तर तोंड लपवायला जागा नाही.

पण एनएएन दिसला म्हणून लगेच हातपाय गाळू नका. बऱ्याचदा नुसतं स्केलिंग बिघडलेलं असतं. पॅरामीटरचे लॉग घेऊन फिट करा, मग आल्फाची प्रोफाइल लाइकलीहूड काढा, म्हणजे आल्फा एकेका किमतीला धरून बाकीचे पॅरामीटर फिट करा आणि लाइकलीहूडचा आलेख बघा. शिखर दिसलं तर जीव भांड्यात. आडवी रेघ आली तर कागदावर परत बीजगणित.

'अमुक-जी' फॅमिलीत जी (मूळ डिस्ट्रिब्युशन) बदलून पेपर पाडण्याबद्दल माझं मत चांगलं नाही, गाईड काहीही म्हणोत. एआयसीच्या (मॉडेलांची तुलना करणारा आकडा) टेबलात एक्स्पोनेन्शियल आणि लिंडले या एकाच पॅरामीटरच्या डिस्ट्रिब्युशनना हरवून काय मिळवलं? समोर एक्स्पोनेन्शिएटेड वायबुल (मुधोळकर-श्रीवास्तव यांचं ते घात चढवलेलं) ठेवा. आणि पेपरापेपरांतून येणारे मूत्राशयाच्या कर्करोगाचे तेच १२८ रुग्ण पुरे आता. सेन्सॉर झालेला डेटा शोधा, म्हणजे जिथे काहींचा शेवट बघायच्या आधीच निरीक्षण थांबलं. तिथे त्या निरीक्षणांसाठी पीडीएफ (घनता फंक्शन) नाही, सर्व्हायव्हल फंक्शन लागतं. ते सुटसुटीत सूत्रात येत नसेल, तर प्रत्येक निरीक्षणाला इंटिग्रल काढत बसाल.