किराणा टाकताय? आधी जॅक कोहेनचा हिशोब बघा

नाशिकमध्ये सिडको, सातपूर, अंबड साइडला नवीन किराणा टाकायचा म्हटलं की लोकं आधी रॅक, बोर्ड, काचेचं काउंटर करून बसतात, मग मालाला पैसे उरत नाहीत. ब्रिटनमधली टेस्को ही सुपरमार्केटची साखळी काढणाऱ्या जॅक कोहेनने उलटं केलं. लंडनच्या ईस्ट एंडमधला, पोलंडहून आलेल्या ज्यू शिंप्याचा पोरगा, पहिल्या महायुद्धातून सुटला तेव्हा हातात 30 पौंड होते, त्यात लष्कराचा उरलेला किराणा उचलला आणि 1919 ला हॅकनीच्या बाजारात गाडा लावला. पहिल्या दिवशी विक्री 4 पौंड, नफा 1 पौंड. दुकान वगैरे सगळं नंतर.

तर आधी माल. महिनाअखेरीला होलसेलवाल्यांकडे चक्कर मारा आणि जुन्या पॅकिंगचा, खोका चेपलेला, स्कीमचा राहिलेला माल आहे का ते स्पष्ट विचारा, विचारल्याशिवाय कुणी काढत नाही. घेताना वरच्या खोक्यावर जाऊ नका, मधला फोडून तारीख बघा. डबा चेपलाय तर चालेल, पण फुगलेला किंवा शिवणीला गंज धरलेला फुकट दिला तरी नको. बिस्किटाला दीड महिना उरलाय आणि तुमच्याकडे ते पंधरा दिवसात उठतं, तर बिनधास्त घ्या. तारीख गेलेला माल मात्र अजिबात नाही, गुन्हा आहे तो.

मग दर. कोहेनचं सूत्र एकच, ढीग लावा आणि स्वस्त विका. 10,000 चा माल 8 टक्के नफ्यावर महिन्यात एकदाच फिरला तर 800 सुटतात, तोच 3 टक्क्यांवर चारदा फिरला तर 1,200. म्हणजे माल अडकला की आपण अडकलो. तिकडे तेव्हा कंपनी ठरवेल त्याच्या खाली विकता यायचं नाही, कोहेन त्याविरुद्ध भांडत राहिला आणि 1964 ला ती पद्धत कायद्यानेच मोडीत काढली. आपल्याकडे एमआरपी ही फक्त वरची मर्यादा आहे, खाली कितीला विकायचं ते तुम्ही ठरवा. एफएसएसएआयचं (अन्न विकायचं सरकारी) रजिस्ट्रेशन, वजनकाट्याचं सरकारी पासिंग वेळेवर करा, त्यावर जास्त काय बोलायचं.

आता दानधर्माचं, कारण दुकान चाललं की वर्गणीवाले येतातच. ज्यू लोकांत कमाईचा दहावा हिस्सा द्यायचा जुना रिवाज आहे (लांबचे वाटतात, पण आपल्या कोकणातले शनिवार तेली म्हणजे ज्यूच की). दहावा हिस्सा नफ्यातला हं, विक्रीतला काढलात तर 3 टक्क्यांच्या धंद्यात दोन महिन्यात शटर खाली. रोज रात्री गल्ला मोजला की त्या दिवसाचा तेवढा हिस्सा वेगळ्या डब्यात टाका.

आणि द्यायचं कसं? बाराव्या शतकातल्या मायमोनिडीझ नावाच्या ज्यू पंडिताने दानाच्या आठ पायऱ्या लावल्यात. वरून दुसरी अशी की देणाऱ्याला घेणारा माहीत नाही आणि घेणाऱ्याला देणारा. किराणा दुकानात हे एकदम सोपं आहे. एखाद्या गिऱ्हाइकाला कुणा गरजूला मदत करायची असेल तर त्या गिऱ्हाइकाकडून पैसे घ्या, उधारीच्या वहीत ज्या घरचं खरंच अडलंय तिथे जमा मांडा आणि त्या ताई आल्या की एवढंच सांगा, "ताई, तुमचं मागचं खातं जुळलंय." फोटो नाही, नाव नाही. वही काउंटरवर उघडी ठेवायची नाही, शेजारीण वाचते.

सगळ्यात वरची पायरी म्हणजे समोरच्याला पायावर उभं करणं, काम देऊन, कर्ज देऊन नाहीतर भागीदारीत घेऊन. सिंहस्थ आलाच आहे. ओळखीतल्या एखाद्या गरजू पोराला शेंगदाणे, फुटाणे, राजगिरा लाडू असा चार-पाच हजारांचा माल खरेदी दरात द्या, गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, गाडा लावू दे. पैसे विकल्यावर घ्यायचे, उरलेला चांगला माल परत घ्यायचा, हे आधीच बोलून ठेवा. हिशोब रोज संध्याकाळी करा, आठवड्यावर टाकला की भांडण होतं.