अडुसष्ट नव्हे, सहा-आठ! फोन, इयरफोन, मोटर घेताना आयपीचे आकडे कसे वाचायचे

मामांचा टॉवेलचा कारखाना सोलापूरच्या पूर्व भागात आहे. माग चालू असताना पाच मिनिटं आत उभं राहिलं तरी भुवयांवर कापूस बसतो. मागच्या उन्हाळ्यात मामांचा फोन चार्ज होईना. वायर बदलली, चार्जर बदलला, शेवटी नवी पेठेतल्या एका दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्यानं फोन उघडलासुद्धा नाही. लाकडी टूथपिक घेतली आणि चार्जिंगच्या भोकातून कापसाची घट्ट दाबलेली गोळी अलगद बाहेर काढली, चांगली ज्वारीच्या दाण्याएवढी. मग पिन टक्कन बसली.

"आयपी अडुसष्ट हाय म्हणून तर घेतला की बे!" मामा म्हणाले.

फोनची काहीच चूक नव्हती. तो आतून कोरडा आणि स्वच्छच होता. गडबड आकडा वाचण्यात झाली होती.

आधी आकडा शोधा

तो खोक्यावर किंवा माहितीपुस्तिकेत असतो, मोटरीच्या नेमप्लेटवर कोरलेला असतो. नुसतं 'वॉटरप्रूफ' किंवा 'डस्टप्रूफ' लिहिलं असेल आणि आकडा नसेल, तर रेटिंग नाही असंच धरून चाला. दुकानदार "साहेब, पाण्यात टाका, काही होत नाही" म्हणाला तरी.

आयपी म्हणजे इन्ग्रेस प्रोटेक्शन, आत शिरणाऱ्या गोष्टींपासून संरक्षण. हे आकडे आयईसी ६०५२९ या आंतरराष्ट्रीय मानकातून येतात. ते पहिल्यांदा १९७६ साली आलं आणि आपल्याकडेही तेच स्वीकारलेलं आहे.

आता दोन्ही आकडे सुटे करा

अडुसष्ट म्हणू नका. सहा, आठ म्हणा. पहिला आकडा घन वस्तू आणि धुळीचा, दुसरा पाण्याचा. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही.

पहिला आकडा ० ते ६ असतो. १ ते ४ पर्यंत 'केवढी वस्तू आत जाणार नाही' एवढंच मोजतात: ५० मिलिमीटर, साडेबारा, अडीच आणि शेवटी १ मिलिमीटर. धुळीचा प्रश्न ५ पासून सुरू होतो. ५ म्हणजे थोडी धूळ आत जाईल, पण काम बिघडवण्याइतकी नाही. ६ म्हणजे अजिबात नाही. ही चाचणी बंद पेटीत होते. तिथे टाल्कची बारीक पूड उडवत ठेवतात आणि ६ साठी यंत्राच्या आतली हवा पंपानं ओढतात, म्हणजे पूड शिरायचीच असेल तर तिला पूर्ण संधी मिळते. चाचणी आठ तासांपर्यंत चालू शकते.

पण हे सगळं कवचाच्या आतल्या भागापुरतं. चार्जिंगचं भोक आणि स्पीकरची जाळी कवचाच्या बाहेर उघड्यावरच असतात. त्यातून धूळ आत सर्किटपर्यंत जाणार नाही, एवढीच हमी. भोकातच कापूस बसला तर त्याला ६ काय करणार?

दुसरा आकडा ० ते ९. १ आणि २ म्हणजे वरून थेंब, ३ म्हणजे तिरका फवारा, ४ म्हणजे कुठूनही उडालेलं पाणी. ५ साठी मिनिटाला साडेबारा लिटरची धार मारतात, ६ साठी १०० लिटरची. ७ म्हणजे १ मीटर खोल पाण्यात अर्धा तास. ८ म्हणजे त्याहून कठीण, पण किती खोल आणि किती वेळ ते कंपनी ठरवते. म्हणून ८ दिसला की खालची बारीक अक्षरं वाचायचीच. कुठे दीड मीटर असतं, कुठे सहा. ९ म्हणजे जवळून मारलेला ८० अंश गरम पाण्याचा जोरदार फवारा. घरगुती वस्तूंवर तो क्वचितच दिसतो.

इथे बरेच जण फसतात. ६ पर्यंतचे आकडे चढते आहेत, ६ मध्ये ५ येतो. पण ७ किंवा ८ मिळालेलं यंत्र जोरदार धार सोसेलच असं नाही. बुडवणं वेगळं, धार मारणं वेगळं. दोन्ही जमत असेल तर कंपनी आयपी ६६/६८ असं दोनदा लिहिते. गाडी धुताना खिशातल्या फोनवर पाइप फिरवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आकड्याच्या जागी एक्स असेल तर तो शून्य नव्हे. त्या बाजूचा आकडा दिलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ. आयपीएक्स४ चे इयरफोन घामाला चालतात. धुळीबद्दल ते काहीच सांगत नाहीत. शिवाय त्यांची चार्जिंगची डबी वेगळी वस्तू आहे, तिला रेटिंग आहे का ते वेगळं बघा.

आपल्या गरजेला आकडा लावा

गच्चीवरच्या एलईडी फ्लडलाइटला ६५ पुरतो. मागाच्या मोटरीला ५५ चालतो, बंद बॉडीच्या मोटरींवर तो सर्रास असतो. बोअरमधल्या मोटरीला दुसरा आकडा ८ च हवा. सोलापुरात फोन घेताना मी तरी आधी पहिला आकडा बघतो. पाऊस चार दिवसांचा पाहुणा, धूळ बारमाही.

मग फोनची अवस्था बघा

चाचणी नव्या यंत्रावर होते, साध्या स्वच्छ पाण्यात. माझा फोन तीन वर्षांचा होता, मागची काच बाहेर बदलून घेतलेली. रंगपंचमीला हात-तोंड धुताना तो रंगाच्या बादलीत पडला. जेमतेम वीतभर पाणी, पण दुसऱ्या दिवशी स्क्रीन काळी. काच काढताना दुरुस्तीवाला फोन गरम करून चिकटपट्टी सैल करतो. ती पुन्हा पहिल्यासारखी बसेलच असं नाही. मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर फोन तापत ठेवणंही त्याच कारणानं वाईट. साबणाचं पाणी साध्या पाण्यापेक्षा सहज फटीत शिरतं. आणि वॉरंटी? बहुतेक कंपन्या आयपी ६८ छापूनही पाण्यानं झालेलं नुकसान भरून देत नाहीत. सिमच्या खाचेत बऱ्याच फोनना छोटा पांढरा ठिपका असतो, पाणी लागलं की तो लाल होतो. सर्व्हिस सेंटरवाला आधी तोच बघतो.

भिजलाच तर

बंद करा. मऊ कापडानं पुसा, भोक खाली करून हलकेच झटका आणि पंख्याखाली उभा ठेवा. रंगाचं किंवा खारट पाणी असेल आणि फोनला रेटिंग असेल, तर आधी साध्या पाण्यानं हळूच धुऊन घ्या. पूर्ण वाळेपर्यंत चार्जरला लावू नका. तांदळाच्या डब्यात घालू नका, त्याचा कोंडाच भोकात बसतो. हेअर ड्रायरही नको.

कापूस साफ करतानाही फोन बंद हवा आणि लाकडी किंवा प्लॅस्टिकची टूथपिक हवी. सुई नको, आतल्या पट्ट्या वाकतात. माग झटकायचा कॉम्प्रेसरचा पाइप तर अजिबात नको, त्या दाबानं जाळी आणि सील दोन्ही फाटू शकतात. मामांचा हात पहिल्यांदा त्या पाइपकडेच गेला होता.