गणपतराव देशमुखांची सुरुवातीची कारकीर्द अभ्यासायची असेल तर

शेतकरी कामगार पक्षाचे नेते गणपतराव देशमुख सांगोल्यातून ११ वेळा विधानसभेवर निवडून गेले, हे सोलापूर जिल्ह्यात शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. मात्र त्यांच्यावर प्रकल्प किंवा लेख लिहिणारे बहुतेकजण याच आकड्यापासून सुरुवात करतात आणि १९६२ ते १९७४ हा कारकिर्दीच्या पायाभरणीचा काळ दोन ओळींत उरकतात. सांगोल्याचे आणि त्यांचे नाते समजून घ्यायचे असेल, तर सर्वाधिक वेळ याच बारा वर्षांना द्यावा.

प्रथम सनावळी पक्की करावी. एका कागदावर १९६२, १९६७, १९७४, १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९९, २००४, २००९ आणि २०१४ ही विजयाची वर्षे लिहावीत आणि शेजारी १९७२ व १९९५ हे दोन पराभव नोंदवावेत. ही वर्षे निवडणूक आयोगाच्या अहवालांशी ताडून पाहताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १९७४ ची निवडणूक ही पोटनिवडणूक होती आणि सार्वत्रिक निवडणुकांच्या अहवालांत तिची नोंद नसते, त्यामुळे केवळ त्या अहवालांवरून बेरीज करणाऱ्याचा हिशेब दहावर थांबतो. इंग्रजी अहवालांत मतदारसंघ ‘सांगोले’ या नावाने शोधावा.

त्यानंतर १९६२ चे राजकीय चित्र समोर आणावे. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यानंतरची ती पहिली विधानसभा निवडणूक होती. २६४ पैकी २१५ जागा काँग्रेसने जिंकल्या होत्या आणि शेतकरी कामगार पक्षाच्या वाट्याला १५ जागा आल्या होत्या. अशा लाटेत मूळचा मोहोळ तालुक्यातील पेनूरचा, कायद्याचे शिक्षण घेतलेला एक तरुण याच पक्षाच्या लाल बावट्याच्या बळावर सांगोल्यातून निवडून येतो, तेव्हा त्याच्यामागे कोणती गावे आणि कोणते कार्यकर्ते उभे राहिले, हाच अभ्यासाचा मुख्य प्रश्न ठरतो. ते जन्माने सांगोल्याचे नव्हते, हा तपशील पुष्कळदा गाळला जातो. माझ्या मते तो ठळकपणे मांडावा, कारण आयुष्यभर टिकलेले हे नाते त्यांना कामातून जोडावे लागले.

सर्वांत बारकाईने पाहावा तो १९७२ ते १९७४ हा काळ. १९७२ च्या मार्चमधील निवडणूक ते हरले आणि त्याच वर्षी पावसाने दगा दिल्याने सोलापूर जिल्हा भीषण दुष्काळात सापडला. म्हणजे तालुक्यातील माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडत होती, तेव्हा हा नेता विधानसभेत नव्हता, आणि दोनच वर्षांत झालेल्या पोटनिवडणुकीत लोकांनी त्याला पुन्हा निवडून दिले. या दोन घटनांच्या मधल्या महिन्यांत सांगोल्यात काय घडले, हे सोलापुरातील जुन्या वाचनालयांत दैनिक संचारसारख्या वृत्तपत्रांच्या बांधीव फायली असल्यास त्यांतून शोधावे. केवळ निवडणुकीच्या बातम्या न वाचता दुष्काळी कामे, मजुरीची थकबाकी, चारा आणि मोर्चे यांच्या छोट्या बातम्याही टिपून घ्याव्यात. सोबत रोजगार हमी योजनेचा क्रम हाताशी असावा: वि. स. पागे यांच्या पुढाकाराने तासगाव तालुक्यात १९६५ मध्ये झालेला प्रयोग, दुष्काळातील विस्तार आणि १९७७ चा कायदा.

कागदपत्रे पाहून झाल्यावरच माणसांकडे जावे. रविवारच्या जनावरांच्या बाजाराला तालुक्यातील वयस्क मंडळी येतात, तेथे ओळखी होतात. सविस्तर बोलणे मात्र त्यांच्या घरी, निवांत बसूनच करावे. ‘आजोबा, १९७२ ची निवडणूक आठवते का?’ असे विचारले तर ‘आठवतंय की’ एवढेच उत्तर मिळते. ‘दुष्काळात कुठल्या कामावर होतात? सुकडी मिळायची का? मिलोची भाकरी कशी लागायची?’ असे त्या दुष्काळात वाटलेल्या पूरक आहाराबद्दल आणि परदेशी लाल ज्वारीबद्दल विचारले, की माणूस त्या काळात जातो, आणि मग ‘तेव्हा आबा (म्हणजे गणपतराव) तुमच्या गावात कधी आले होते?’ हा प्रश्न आपोआप जागेवर बसतो. आबांच्या एसटीच्या प्रवासाच्या आणि साधेपणाच्या आठवणी भरभरून सांगितल्या जातील. त्या आदराने लिहून घ्याव्यात, पण प्रत्येक आठवणीपुढे सांगणाऱ्याचे गाव आणि प्रसंगाचा अंदाजे काळ नोंदवावा, म्हणजे १९९० च्या दशकातील पाणी परिषदेची आठवण १९६० च्या दशकात शिरणार नाही. विरोधात मतदान केलेल्या घरांतही आवर्जून जावे, कारण १९७२ चा पराभव तेथेच नीट समजतो.

सभागृहातील त्यांच्या कामासाठी मुंबईच्या विधिमंडळ ग्रंथालयातील कामकाजाचे छापील खंड पाहावेत आणि पहिल्या दोन कार्यकाळांतील प्रश्नोत्तरांपासून आरंभ करावा. गावात ऐकलेली मागणी त्या खंडात सापडली, तर दोन्ही नोंदी शेजारी शेजारी लिहाव्यात.

अभ्यास १९७८ पाशी थांबवावा. त्या वर्षी ते शरद पवारांच्या मंत्रिमंडळात गेले, आणि तेथून पुढची कारकीर्द, सूतगिरणी व टेंभू-म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांच्या पाण्याचा लढा यांसाठी स्वतंत्र वही घालावी लागते. लेखन पूर्ण झाल्यावर ज्यांनी आठवणी सांगितल्या त्यांना तो भाग वाचून दाखवावा, नावे छापण्याची परवानगी घ्यावी आणि एक प्रत सांगोल्यातील एखाद्या वाचनालयात ठेवावी.